चौदाव्या भागातली घोडी

जरीपटका वस्तीतल्या वाचनालयात पुस्तक परत करायच्या रांगेत माझ्यापुढं एक म्हातारं जोडपं उभं होतं. आजोबांच्या हातात राजपुत्राच्या लांबलचक जादुई कादंबरीचा चौदावा, शेवटचा भाग होता.

"सगळे भाग वाचून दाखवले तुले. शेवट आवडला ना वं?"

"लय आवडला. राजपुत्राले राज्य भेटलं अन् त्याची उडती घोडी घरी आली. मी तर तिच्यासाठीच ऐकत होती."

"मालूम हाये. चौथ्या भागात तिचा पंख मोडला, तवा तू जेवली नाही."

"पण काल दुपारी तुमी झोपले होते, तवा शेवटची पानं मी वाचली."

"तू?"

"मंग प्रौढांच्या वर्गात कायले जाऊन राहिली मी? एकेक अक्षर लावत वाचलं. पुस्तकात तर घोडी दरीत पडून मरते."

"मले वाटलं, तू रडशीन."

"रडली ना. मंग तुमी सांगितलेला शेवट आठवला, अन् उठून चहा मांडला."

"रागावली काय?"

"नाही जी. आपला नंबर आला. आता पहिला भाग मागा. या खेपेले मी वाचीन, तुमी ऐका."

"अन् शेवट?"

"तुमचाच वाचीन."