थोडा वेळ म्हणजे किती?

हॅलो?… हो आई, बोल. पटकन बोल, आज माझं लक्ष ठिकाणावर नाही… नाही गं, तब्येत ठणठणीत आहे. लॅबच्या बाहेर उभी आहे, पॅसेजमध्ये… बाहेर म्हणजे बाहेर. आत जायची बंदी आहे मला. आजच्यापुरती.

अगं, मी काही केलेलं नाही! ऐक ना. माझं ते प्लॅस्टिक खाणारं एंझाइम आहे ना… हो, तेच, ज्याला तू शेजारीपाजारी 'कचरा खाणारा किडा' म्हणून सांगत सुटलीस. किडा नाही गं तो… बरं, असू दे किडा. तर तो किडा माझ्या हातून दर वेळी चालतो आणि दुसऱ्या कुणाच्या हातून चालत नाही.

कौतुक कसलं? मॅडम म्हणाल्या, हाताला गुण असणं वैद्याला शोभतं, इथे त्याला काडीची किंमत नाही. मी लिहून दिलेलं वाचून दुसऱ्यानं करून दाखवायचं, तर ते खरं. नाहीतर… नाहीतर माझा विषय बंद. सगळं पहिल्यापासून, नवीन विषय घेऊन.

दोनदा फसलंय. आजची शेवटची संधी… लंबू करतोय. माझ्याच वर्गातला गं, तो उंच. दाराच्या काचेतून दिसतोय मला. मॅडम शेजारी उभ्या आहेत, बहिरी ससाण्यासारख्या.

नाही, मी घाबरलेले नाही. काम सोळा आणे खरं आहे माझं. प्लॅस्टिक खाल्लं गेलं की शेवटी पाणी पिवळं होतं, मी किती वेळा पाहिलंय या डोळ्यांनी! लंबूच्या हातून ते पांढरंच राहतं, एवढंच… देव पाण्यात वगैरे काही घालू नकोस. तू सांग, फोन कशाला केलास?

मामी? आता मामीनं काय केलं?… पाव फुगला नाही? मग?… तू मुद्दाम काहीतरी गाळून सांगितलंस म्हणते? हा हा! अगं, तू काय लपवणार? बाजारात भेटलेल्या बाईलाही सगळी कृती सांगतेस तू!… हो, हो… पीठ, यीस्ट, कोमट पाणी… मळून झाकून ठेवायचं थोडा वेळ… बरोबर आहे की… पाच मिनिटं? मामीनं थोडा वेळ म्हणजे पाच मिनिटं धरली? पाच मिनिटांत कुठे पाव फुगतो! मग तू किती वेळ ठेवतेस?

मोजत नाहीस. बरं. पण काहीतरी अंदाज?…

काय म्हणालीस?… पीठ झाकतेस आणि मला फोन करतेस. माझ्याशी बोलून झालं की भट्टीत घालतेस… म्हणजे आत्ताही पीठ झाकलेलं आहे?

आई, थांब. थांब, एक मिनिट बोलू नकोस.

…नाही, रडत नाहीये. हातात लिपबामची डबी आहे माझ्या. मुठीत. पार वितळली आहे… अगं डबीचं राहू दे! मी फोनवर बोलताना काहीतरी घट्ट धरून ठेवते ना नेहमी? लहानपणी तुझा पदर धरायचे बघ, तसं. आणि तुझा फोन येतो रोज याच वेळेला. मी नेमकी तेव्हा एंझाइमची ट्यूब बर्फातून काढलेली असते. एका हातात फोन, दुसऱ्या मुठीत ट्यूब!

कळलं का? ते बर्फात आखडलेलं असतं. हळूहळू ऊब मिळाली तर त्याची घडी नीट बसते. लंबू कागदावर आहे तसं करतो, बर्फातून काढलं की थेट मिश्रणात. त्याला बिचाऱ्याला तेव्हा कोण फोन करणार?

फोन ठेवू नकोस! खबरदार ठेवलास तर! लंबूची ट्यूब अजून बर्फातच आहे, दिसतेय मला.

मॅडम!… मॅडम, दार उघडा ना जरा. माझ्या कृतीत एक पायरी लिहायची राहिली आहे… हो, लिहूनच देते. तोंडी एक शब्द नाही… ही घ्या. 'ट्यूब मुठीत धरावी, आईचा फोन संपेपर्यंत.'… थट्टा नाही मॅडम. मिनिटं पुढच्या वेळी घड्याळ लावून लिहीन. आज आईच आहे.

आई, मॅडम हसल्या गं. चालेल म्हणाल्या. आता तू लंबूशी बोल… काय बोलू म्हणजे? तुला हा प्रश्न कधीपासून पडायला लागला? लंबू, घे. नुसतं 'हो काकू' म्हणत राहा.

– हॅलो? नमस्कार काकू… हो, लंबू मीच… हो काकू, धरली आहे मुठीत… जेवलो… खरंच जेवलो… नाही काकू, आमच्याकडे कुणीच उंच नाही… हो… मामींचं चुकलंच… हो काकू… लग्नाचा अजून विचार नाही केला… अहो, नको, फोटो नको… हो… हो काकू… गार नाही आता, चांगली कोमट झाली आहे… थांबा, घालतो मिश्रणात… अगं ए, ये इकडे! फोन घे, फोन घे!

आई! पिवळं! पिवळंधमक, आई! लंबूच्या हातून!… हो, मॅडम बघतायत, उजेडात धरून बघतायत… 'आता हे तुझ्या हाताचं राहिलं नाही,' म्हणाल्या. इतकं छान मला कुणी कधी बोललं नव्हतं.

ऐक ना. मी दर वेळी चिडायचे ना तुझ्यावर, नको त्या वेळी फोन करतेस म्हणून? करत जा. याच वेळेला करत जा. मला फार… आई? ऐकतेयस ना?

काय झालं?… पीठ? पातेल्याबाहेर आलं? ओट्यावर? अगं मग धाव ना, मी काय सांगत हो–

हॅलो?… आई?…

लंबू, ठेवला तिनं. आयुष्यात पहिल्यांदा आधी तिनं ठेवला.