हातचं पानी

आमी मूळचे जालन्याकडले. गावात विहीर होती, पन आमी तिला हात लावायचा नाय. माय घागर घेऊन बाजूला उभी राहायची, मी तिचा पदर धरून, कोनी दया करून वरून ओतलं तर घागर भरायची, आनि तहान लागली की मी ओंजळ पुढं करायची, तर ओतनारी बाई हात उंच धरायची, शिंतोडा उडू नये म्हनून. का, तर आमच्या हातानं पानी बाटतं. काय सांगू तुमाला, मला काय कळायचं नाय, हात तर धुतलेलेच असायचे.

लगीन झालं नि मुंबईला आले, हितंच दिंडोशीला. मंग गोरेगावला एका हापिसात चहापान्याचं काम लागलं. पैल्याच दिवशी साहेबानं माझ्या हातचा गलास घेतला नि फायलीत बघत गटागटा प्याला, वर मान पन केली नाय. मी तशीच उभी. काय झालं मावशी, म्हनला. काय नाय, म्हनलं, त्याला काय सांगनार? घरी येऊन मालकाला सांगितलं तर ते हसले, येडे, म्हनले, मुंबई हाय ही. काम सुटेपर्यंत मी तिथं पानी दिलं, आनि घरात पन माठ माझाच, धुनार मी, भरनार मी, येईल त्याला तांब्या बुडवून देनार पन मीच.

आता माझी नात, ओवी, तिचं पोट सारखं बिघडाया लागलं. उलट्या, जुलाब, सलाईन लावलं, पोरगी नुसती सुकली. डाक्टर म्हनले घरातलं पानी तपासा. मंग अश्विनीनं, माझ्या सुनेनं, कुठल्या संस्थेतली मुलगी बोलावली. तिनं आधी लायटरनं नळाचं तोंडच भाजलं, मला वाटलं हिला झालंय काय, तर म्हनली, नळाच्या तोंडावरचे जंतू मरतात. मंग एका बाटलीत नळाचं पानी घेतलं, दुसरीत माठातलं. बाटलीत औषध होतं, काळं पडलं की समजायचं जंतू हायेत.

माठाची बाटली काळी झाली, नळाची जशीच्या तशी. आता हे मला कळंना, नळाचंच पानी माठात जातं ना, मंग मधी कोन आलं? ती मुलगी म्हनली, आजी, तांब्या बुडवताना बोटं पान्यात जातात ना, बहुतेक त्याच्यानं होतं. आनि अश्विनी ओवीला म्हनली, आजपासून आजीच्या हातचं पानी प्यायचं नाय.

माझ्या कानात येगळंच वाजलं. मी जेवले नाय. अश्विनी घाबरली, आई, मी काय बोलले हो? तिला ठावूकच नाय, ती मुलुंडला जल्मली. पोरगा समजवाया बसला, आई, जंतू सगळ्यांच्याच हाताला असतात, माझ्या, अश्विनीच्या, त्या तपासनारीच्या पन. पटतं हो मला. पन पटून पन डोक्यात बसत नाय. बाटनं येगळं नि हे येगळं, बरोबर, पन दोन्हीकडं हात माझाच बाहेर काढला ना?

रागातच इचारलं, मंग पानी काढायचं कसं? तर अश्विनीनं लांब दांड्याचं ओगराळं आनलं, आनि माठ आमी दोघींनी मिळून उकळत्या पान्यानं धुतला. पुन्ना बाटली भरली, ती काय काळी झाली नाय. ओवीचं पोट पन तवापासून शांत हाय.

आता ती माझ्याकडंच मागते, आजी, पानी. गलास नको तिला, खेळ वाटतो ना, साबनानं हात धुऊन येते, खाली बसून ओंजळ धरते, नि मी ओगराळं उंच करून वरून ओतते, कुठं लागू नये म्हनून. वर मी, नि खाली माझ्याच नातीची ओंजळ. हे बरोबर का चूक, मला अजून उमगत नाय बघा. ती मातर पिता पिता हसते, तोंड पुसते नि म्हनते, आजी, अजून. बरं राहू दे माझ्या लेकराला. मी ओतते.