दुसरा चष्मा

डोळ्यांत थेंब घातल्यामुळे शिक्षिकाबाई चष्म्याच्या दुकानात डोळे मिटून बसल्या होत्या. कानांना मात्र सुट्टी नव्हती.

“बायकोचा चष्मा आहे. दांड्या सैल झाल्यात.”

“वहिनींचा काही पत्ता लागला का, साहेब?”

“कुठला लागतोय? पोलीस म्हणतात, आपल्या पायानं गेली असेल. मी म्हणतो, चष्मा घरी टाकून कुणी जातं का?”

“पण हा वाचायचा. लांबचं दिसायलाही एक करून दिला होता की मी.”

“तो घरात नाही.”

“पोलिसांना सांगितलंत?”

“त्यांनी विचारलं नाही.”

दांडीचा स्क्रू फिरवल्याची बारीक करकर ऐकू येऊ लागली.

“हे बघा, आता घट्ट बसेल.”

“फार आवळू नका हो. कानामागे टोचतं तिला.”