चढ काय आपल्याला नवा हाय?

...अन् मला एक सांगा, गादी चड्डीत शिवायची काय गरज? नाय, हसू नका, मी डोळ्यानं बघितलंय! नाशकातल्या गंगापूर रोडची शिकलेली माणसं, कुणी डॉक्टर, कुणी बँकेत साहेब, पहाटं माझ्या दारात सायकली घेऊन उभी, अन् एकेकाच्या चड्डीला मागून गादी! आमच्या वेळी गादी सीटवर असायची अन् बूड आपलं आपल्याजवळ. ह्यांनी सीट केलंय पात्यावाणी, अन् गादी घेतली अंगावर! मी माझ्या पोराला, कुंदनला, तो बी त्यांच्यातलाच, तसल्याच चड्डीत, त्याला म्हटलं, मग उशी बी डोक्याला शिवून घे की, पलंगाचा खर्च वाचंल! तर म्हणतो, "आण्णा, हळू बोला, लोक ऐकतात." ऐकू दे! ऐकायलाच बोलतोय!

पण मी त्यांच्यात गेलो कसा, ते ऐका. सगळं त्या घरघंटीपायी.

तुम्हाला सांगतो, आमच्या पडवीत माझी सायकल हाय. काळी. दांड्याची, मागं कॅरेज एवढं रुंद की त्यावर माणूस झोपंल. गंगेकाठच्या, म्हंजे आमच्या गोदावरीकाठच्या, मळ्यातला झेंडू टोपल्यात भरून मी तिच्यावर नाशकाच्या फुलबाजारात न्यायचो. दसऱ्याला तर मी दिसायचोच नाय, लोक म्हणायचे, फुलांचा ढीग आपला आपला चाललाय! मग टेम्पो आला अन् काळी पडवीत उभी राह्यली. उभी हाय तर राहू द्या ना, ती काय भाकरी मागती? पण आमची आक्काबाई! "मला तिथं घरघंटी ठेवायचीय, घरी दळायची." मी म्हटलं, घंटी पाहिजे तर सायकलला हाय की, वाजव दिवसभर! तर तिनं माझ्याकडं असं बघितलं... ज्यांची लग्नं झालीत त्यांना सांगायला नको कसं बघितलं. म्हणली, "चालवणं तर होत नाय तुमच्यानं. परवा भंगारवाला येतोय, देऊन टाकते."

भंगारवाला! माझ्या काळीला!

मी म्हटलं, कोण म्हणतं होत नाय? सांग कुठं जाऊ! अन् नेमका कुंदन तिथं चहा पीत बसलेला. "आण्णा, उद्या आमचा ग्रुप टेकडीवरच्या वायनरीला चाललाय, या की." झालं! आक्काबाई म्हणली, "ठरलं. बसून वर जायचं, बसून घरी यायचं. मधी कुठं उतरून हातात धरून चाललात, नायतर टेम्पोत घालून आणलीत, तर सायकल भंगारात अन् घंटी पडवीत." कुंदन म्हणतो, "आई, तिथं चढ लय हाय गं." मी म्हटलं, चढ काय आपल्याला नवा हाय?

अन् जाता जाता पोरगा काय बोलला? "आण्णा, वर टेस्टिंग बी हाय हं, सगळ्यांचं बुकिंग केलंय."

आता तुम्हीच सांगा, टेस्टिंग म्हंजे काय? मागं गावात साखरेचं टेस्टिंग झालं, तर मी आपला दोन भाकरी खाऊन गेलो, अन् ती सुईवाली बाई काय खेकसली माझ्यावर, "बाबा, टेस्टिंगला रिकाम्या पोटी यायचं असतं, एवढं कळत नाय?" चारचौघात! तेव्हाच कानाला खडा लावला. म्हटलं ह्या पोरांचं बरं हाय, चढ चढल्यावर रक्त तपासून घेत असतील, शहरातली माणसं, जपतात जिवाला.

संध्याकाळी हबीबकडं गेलो. हबीब म्हंजे माझा दोस्त, सायकलचं दुकान हाय त्याचं, काळीचा डॉक्टर. त्यानं चेन काढली, तेल दिलं, ब्रेकचे रबर बदलले, अन् म्हणतो, "चिमा, ये आएगी वापस. तेरी गॅरंटी मैं नाय देत." त्याची नात नाझिया, तीच त्या ग्रुपची पुढारी. आक्काबाईनं तिलाच पंच नेमलं! "नाझिया, ह्यांच्यावर नजर ठेव गं." ती म्हणली, "आजी, चालवताना एक पाऊल जमिनीला लागलं तरी सांगीन." नात हबीबची, खोटं बोलायची नाय, एवढीच पंचाईत.

तर निघालो. अन् तुम्हाला सांगतो, खोटं कशाला बोलू... लय मजा आली. गंगेवर धुकं, थंडी अशी की नाकाचा शेंडा आपला हाय का दुसऱ्याचा कळंना, दोन्ही अंगाला द्राक्षाच्या बागा, घडांवर कागद बांधलेले, अन् त्यांच्या सायकली कशा, तर सुळ्ळ! आवाजच नाय! माझी काळी मात्र खडाड खडाड, मडगार्डासकट बोलती. पुढचा जाडा साहेब मागं बघून म्हणतो, "काका, कायतरी लूज हाय." मी म्हटलं, तिचं लूज नाय, तुमचं टाइट हाय, चड्डी!

मग सगळे थांबले मिसळीला. आता बघा हं माझं नशीब. समोर मिसळ, वर लाल तर्री, शेजारी पापड, दह्याची वाटी, वास असा की मेलेला उठून बसंल... अन् मी हात आखडून! नाझिया म्हणली, "आजोबा, खा ना." म्हटलं, नको, टेस्टिंग हाय ना. तर ती वळून जाड्या साहेबाला म्हणली, "बघा, आजोबांना कळतं! जीभ कोरी ठेवलीय!" तो म्हणतो, "वा काका! तुम्ही तर एकदम प्रोफेशनल! आम्ही उगाच तिखट खाल्लं." म्हटलं, आता साहेब, तुमचा रिपोर्ट तुमच्यापाशी. चहा आला, नको म्हटलं. केळं आलं, नको म्हटलं, साखर वर येती. सगळे माझ्याकडं असे बघायला लागले जसा काय मी गुरुजीच!

पुढं लागला चढ. रस्ता कसला, भिंतच! उपाशी पोट, डोळ्यापुढं काजवे, काळी म्हणती मी येत नाय, गुडघा म्हणतो मी बी येत नाय. कुंदन ओरडतो, "आण्णा, उतरा, राहू द्या ती पैज!" उतरतो काय! डोळ्यापुढं भंगारवाल्याचा तराजू! म्हटलं, चढ काय आपल्याला नवा हाय? अन् मला आली चक्कर. मी ह्या कडंला, सायकल त्या कडंला, रस्ताभर नागमोडी, कसा पडलो नाय त्या गंगामाईला माहीत. मागं बघतो तर काय... सगळा ग्रुप नागमोडी! डॉक्टर नागमोडी, बँकवाला नागमोडी! जाडा साहेब धापा टाकत म्हणतो, "काकांची जुनी पद्धत हाय ही, चढ सोपा जातो!" अरे बाबा, पद्धत नाय, चक्कर हाय!

पण पोचलो. बसून पोचलो! नाझियानं अंगठा वर केला.

आत गेलो तर लांब टेबल, पांढरे कागद, अन् काळा एप्रन लावलेला एक माणूस. म्हटलं, हाच तो. मी खुर्चीत बसलो, बाही वर केली, हात पुढं ठेवला अन् तोंड फिरवलं. सुई बघवत नाय मला. म्हटलं, टोच. तर टोचेच ना! डोळा उघडून बघतो, तर त्यानं माझ्यापुढं एक ग्लास ठेवलेला. आत... कसं सांगू, आयाबाया बसल्यात... पिवळं! म्हटलं, बाबा, हे कुणाचं? मी तर अजून गेलो बी नाय! तो हसून म्हणतो, "आधी रंग बघा, आजोबा." बघितला. "आता वास घ्या." वास? मी घेऊ? म्हटलं, तुझं शिक्षण किती झालंय रे? तर हा पठ्ठ्या म्हणतो, "आता एक घोट तोंडात घोळवा, नको असंल तर ह्या भांड्यात थुंका."

मी उभाच राह्यलो! म्हटलं, कुंदन, चल घरी, माझी साखर वाढू दे, पण हे असलं टेस्टिंग आपल्या खानदानात कुणी केलं नाय!

अन् मग नाझियाच्या डोक्यात उजेड पडला. टेबलावर डोकं ठेवून हसायला लागली ती पोरगी. "आजोबा, हे वाइन चाखायचं टेस्टिंग!" सगळे हसतायत, एप्रनवाला हसतोय, माझा पोरगा भिंतीला धरून हसतोय... अन् मला एकच कळंना. म्हटलं, मग मी मिसळ कशापायी सोडली?

असा संताप आला, असा संताप आला, की नाझियापुढं एक ग्लास होता, काळाजांभळा, काठोकाठ, तो उचलला अन् घटाघटा! ती म्हणली, "आजोबा, ते..." म्हटलं, ते-बिते काय नाय! कुंदन म्हणतो, "आण्णा, रिकाम्या पोटी चढंल!" म्हटलं, चढ काय आपल्याला नवा हाय?

अन् चढली की हो! उभ्या जन्मात घेतली नव्हती, आक्काबाईचा धाक, पण काय सांगू... कान गरम झाले, पाय हलके झाले, खाली धरणाचं पाणी चमकायला लागलं, एप्रनवाला मला सख्खा भाचा वाटायला लागला. मी जाड्या साहेबाला मिठी मारली अन् त्याच्या चड्डीची माफी मागितली! कुंदन म्हणतो, आता अशात सायकल नको, टेम्पो बोलावतो. म्हटलं, टेम्पोचं नाव काढशील तर वाटणीतून काढीन! नाझिया म्हणली, "कुंदनकाका, जाऊ द्या त्यांना, काय होत नाय." ती एवढी निवांत कशी, ह्याचा विचार मी तेव्हा करायला पाहिजे होता.

अन् मग उतार! सदऱ्यात वारं, घंटी सारखी वाजवतोय, बागेतल्या बाया निंदणं सोडून बघतायत, मी ओरडतोय, "झेंडू आला, झेंडू!" टोपली नाय, फूल नाय, नुसता ओरडतोय! ती सुळसुळणारी पोरं मागं अन् माझी काळी पुढं! मिसळीपाशी थांबलो, दोन खाल्ल्या, आधीचा बॅकलॉग.

दारात आलो. बसून आलो! आक्काबाई उभी, हबीब उभा, शेजारची साळूबाई कंबरेवर हात देऊन उभी. कुंदननं तोंड उघडलंच, "आई, आण्णांनी घेतली." मी आपला झुलतोय. आक्काबाई पुढं आली, तोंडाचा वास घेतला. म्हणली, "मिसळीचा येतोय." नाझिया म्हणली, "दुसरा येणार कसा? मी घेत नाय आजी, तो माझा द्राक्षाचा ज्यूस होता."

ज्यूस! सरबत पिऊन मी जाड्या साहेबाच्या गळ्यात पडलो! हबीब म्हणतो, "चिमा, तू तर रसातच टाइट झाला रे!" अन् खरं सांगू, ती ज्यूस म्हणली अन् तिथंच उतरली. एका शब्दात!

पण पैज म्हंजे पैज. आक्काबाईनं पदर खोचला, म्हणली, "जिंकलात. सायकल राहील." मी काळीच्या सीटवर थाप मारली. तर म्हणती, "म्हंजे घरघंटीला जागा नाय. मग दळण गिरणीतच जाणार. अन् न्यायला सायकल हाय, चालवणारा बी तयार हाय!" साळूबाई म्हणली, "मग आमचा बी डबा टाका बाई त्यांच्या कॅरेजला, रुंद हाय!"

तेव्हापासून आख्ख्या आळीचं दळण माझ्याकडं. अन् गिरणी कुठं? गावाच्या वरल्या अंगाला, उभ्या चढावर! काय करता... चढ काय आपल्याला नवा हाय?

बरं, निघतो आता, ज्वारीचे डबे बांधून ठेवलेत तिनं. काय म्हणता, सायकलवर बसताना असा फुगीर कशानं दिसतोय? काय नाय हो... कुंदननं आणून दिली... पायजम्याच्या आतून घातलीय... हसा, हसा! पण गादी चांगली हाय.