वाघीन काऊन गुरगुरत नाई

नाई नाई, पानी नोको वैनी, घरून पिऊन आलो. दोन घडी बसतो, रत्नपालसंग बोलतो — म्हंजे मीच बोलतो, तो आयकन! काऊन गा रत्नपाल, लकव्यानं जीभ गेली, कान त नाई न गेले? डोळे फिरवते, म्हंजे आयकू येते. त्याची लाळ पुस वैनी, माह्या पँटवर पडन. भैयाजीले उद्या स्टेजवर चढाचं आहे बापा.

हे पाह्य, काय आनलो. वळखली? वाघीन! तुही वाघीन — म्हंजे आता माही म्हना लागते, लोकाईले तसंच सांगतलो आहे. नागपूरच्या कारागिरानं नवी करून देल्ली, पॉलिश असं का तोंड दिसते. नव्व्यान्नवात आमगावात पहिल्यांदा वाजवला तू तवा कशी बेढब दिसे! अन् फळी कायची, त वैनीच्या आंदनातल्या पलंगाची! आठोते का वैनी? रडली होती तू. याच्या मोटर वाइंडिंगच्या दुकानातला तांब्याचा तार, फुटक्या भोंग्याचं चुंबक — लोक म्हने, हे गिटार आहे का धान पाखडाचं सूप? मंग यानं बटन दाबला, अन् तिनं जे गुरगुर केली — सामनेची पोट्टी मायच्या मांडीवर चढली! तवापासून दरेकसापासून नागझिऱ्यापावतर लोक आर्केस्ट्रा पाहाले नाई, वाघीन आयकाले येत. गानारा मी, अन् लोक म्हनत वाघीन आली का? — जाऊ दे. माहा गळा होता म्हनून तुले कोनी वळखलं.

नेलो कवा? आता वैनी, तू जुनं भांडन काढून राहिली. याले घेऊन तू दवाखान्यात होती, घरी कोनी नवतं, कडी काढलो अन् नेलो. सांभाळाले नेलो न! इथं असती त उंदरानं खाल्ली असती.

त उद्या गोंदियात सत्कार आहे माहा. बॅनर लागला — "स्वहस्ते गिटार घडवणारा कलावंत" — अन् माहा एवढा मोठा फोटो. समितीवाल्यानं पुसलं, भैयाजी, बनवताना संग कोनी होता का? मी म्हनलो, होता एक तार गुंडाळनारा, वारला बिचारा. — असा नोको पाहू बे! तुह्या भल्याचंच केलो. जिता आहे सांगतलो असतो त खाटेसकट उचलून नेलं असतं तुले, लाळ गाळत बसवलं असतं लोकाईसमोर. शोभलं असतं? आता कसा इज्जतीनं गेला तू. दोन मिनिट मौन आहे तुह्या नावानं. आमचा सरपंच मेला त त्याले एकच मिनिट भेटलं होतं.

पन लफडा असा झाला — वाघीन गुरगुरत नाई. लावली का शाळेतल्या पेटीवानी गोड गोड वाजते. उद्या अख्खा हॉल गुरगुर आयकाले येईन अन् हे अंगाई म्हनन, त लोक काय म्हनतीन? म्हनतीन, यानं बनवली त याले काऊन जमत नाई? माही सारी इज्जत मातीत! काय टाकला होता बे तू आत? तार तोच, चुंबक तेच. कारागीर मलेच पुसते, भैयाजी, तुमी बनवली, तुमालेच ठाऊक! आतून काय निघालं, त जाळे अन् डांबरानं चिकटवलेली एक जंगलेली चुन्याची डबी. म्हने, हे कायले ठेवली? आता बनवनारा मी, मले नाई ठाऊक म्हनू का? म्हनलो, कचरा आहे, फेक! अन् डोळ्यासमोर नाल्यात फेकवलो.

त सांग. डावा हात चालते न तुहा? बोट लावून दाखव, कुठं काय होतं. ... दाखव न बे! मुंडीही नाई हालवत. आयक, तुह्या रीनाले आंगनवाडीत कोनं लावलं? माह्या भाच्यानं. एक फोन केलो त पोरगी घरी बसन, अन् मंग तुही दवाई कोन आनन, हे वैनी? वैनी, तू रडू नोको, मी हिसाबाची गोष्ट करून राहिलो.

बस मंग, विचार कर. मी तवर तंबाखू घोटतो. ... काय पाहून राहिला? माह्या डबीकडे? चुना पायजे? अबे, तोंड वाकडं झालं, लाळ थांबत नाई, अन् शौक त पाहा सायबाचे! पाह्य वैनी, हसून राहिला. कायले हसते बे? डोकंही गेलं का?

आँ? काय म्हनली वैनी? बोलते? हा बोलते? ... पोळ्याच्या सनापासून? तुह्यासंग, रीनासंग — अन् मी कवाचा इथं बोंबलून राहिलो त माह्यासंगच नाई?

रत्नपाल. अगा रत्नपाल. ते मौनाचं मी मजाक केलो गा. रीनाचंही मजाकच. आपन एका ताटात — म्हंजे एका स्टेजवर राहिलो न आठ-दहा साल? तू उद्या कोनाले काई सांगू नोको. अन् मले एक सांग, एकच शब्द सांग, हे पाह्य, हात जोडतो. वाघीन काऊन गुरगुरत नाई?

काय? जरा जोऱ्यानं म्हन.

डबी?

कोनती ड—