चवीची वही

नाय ना मॅडम, कोणीच विश्वास ठेवला नाय माझ्यावर — आणि आता तुम्ही नाशिकहून गाडी करून आलात चौकशीला, तर तुम्ही तरी कशाला ठेवाल? बसा त्या पोत्यावर, स्वच्छ आहे. मंगळवारी शाळेत पोरांना खिचडी वाढायच्या आधी मी सांगितलं होतं, नव्या डब्यातल्या तेलाला वास येतोय. एकदा नाय, तीनदा. किशोर सरांनी काय केलं? मोबाइल पुढं धरला. म्हणे भिमाबाई, आजची नोंद झालीय, उत्तम पडलंय, उगाच घोळ घालू नका. आता चवीची वही म्हणजे — तुमच्याच हापिसानं लावलेली — पोरांना वाढायच्या अर्धा तास आधी मी खिचडी चाखायची, मग सरांनी, आणि कशी लागली ते रोज लिहायचं. रोज कोण लिहितंय? सरांच्या मोबाइलात ते एआय का काय ते आहे, त्याला सांगायचे, महिनाभराचं लिहून दे, रोजचं वेगळं वाटलं पाहिजे. चहा गार व्हायच्या आत देतं लिहून, सर ते वहीत उतरवतात. एक तारखेलाच तीस तारखेची खिचडी रुचकर. सरांचा तर डबा घरून येतो, ते कधी चाखणार?

तेरा पोरं उलट्या करत पडली. बारा घरी आली. इसाकभाईची रिदा अजून नाशिकला दवाखान्यात, सलाईनवर, आणि घोटीच्या बाजारात बाया मला बघून तोंड फिरवतात. का, तर वहीत लिहिलंय — भिमाबाईंनी चव घेतली, खिचडी स्वादिष्ट. मी म्हणते मी चाखलीच नाय, तर म्हणतात मग खाली सही कुणाची?

माझीच. चौथी शिकलेय, सही येते मला. महिन्याच्या एकदम ठोकते, आता खोटं कशाला बोलू. आणि सांगू का — सर वाचून दाखवायचे ना, ते आवडायचं मला. 'भिमाबाईंच्या हाताला चव आहे.' सतरा वर्षं या धुरात डोळे जाळले, कोण बोललं होतं असं? आमचा नवरा, पुंजा, तो तर ताट सरकवून उठतो. मी सरांना परत वाचायला लावलं होतं. दोनदा.

चाखली का नाय? मंगळवारी अंगारकी होती, मॅडम. उपास. मोबाइलला काय ठाऊक माझा उपास. नाकाला वास आला, पण जिभेला कसं लावू? जोडीला ठमाबाई असते, ती रजेवर. चतुर्थीला मी वासावरच ठरवते — हो, दर चतुर्थीला, लिहा तेही — कधी काही झालं नाय. एक शीत ठेवलं असतं जिभेवर, तर कळलं असतं, पातेलं ओतून दिलं असतं अंगणात, मग सर काय करणार होते? पण म्हटलं उपास मोडेल. आणि पोरं ताटल्या वाजवत बसलेली. रिदानं दुसऱ्यांदा मागितली. मी घातली. वर म्हटलं, खा पोटभर.

तो तुमचा मोबाइल ठेवा खाली. त्याला नका ऐकवू हे, तो गोड करून लिहील. पेन घ्या. सरांचं सरांना विचारा, त्यांना सोडू नका. मला विचारताय ना, वास येत असून वाढली कुणी — लिहा.

भिमाबाई पुंजा मेंगाळ.