तात्या वझ्यांचं ‘मान्य आहे’

मंडळी, आज कीर्तनाला प्रश्न घेऊन उभा आहे. उत्तर आहे का माझ्याकडे? — देव जाणे! प्रश्न असा — जे वाचलंच नाही, त्याला ‘वाचलं, मान्य आहे’ म्हणणं, हे खोटं की नाही? हसू नका! पुढच्या रांगेतले काका, मोबाइलवर रोज म्हणता की नाही?

ऐका तर. मिरजेत रघुनाथतात्या वझे राहतात. तरुणपणी गुरूंना शब्द दिला — खोटं बोलणार नाही! किराण्याचं दुकान होतं. बाई विचारायची, “तात्या, शेंगदाणे ताजे आहेत ना?” तात्या म्हणायचे, “नाहीत हो, खवट लागतायत.” आता चालेल का दुकान? बसलं! पण शब्द मोडला नाही.

म्हातारपणी ऐकू येईना. मुलानं पुण्याहून कानाचं यंत्र आणलं. नव्या पद्धतीचं! त्याचा सगळा कारभार मोबाइलमधून. छान चाललं होतं. आणि एका शुक्रवारी सकाळी — कान बंद! का? तर यंत्रानं आपल्या मनानं अपडेट घेतलं. मोबाइलवर एक पाटी आली — ‘मी सर्व अटी वाचल्या आहेत व मला मान्य आहेत.’ खाली बटण. ते दाबल्याशिवाय कान उघडणार नाही!

सून वैदेही खुणेनं म्हणाली, “दाबा ना, बाबा!”

“अगं, वाचल्या कुठे मी?”

बसले वाचायला! आणि मराठी कसलं? ‘परवानाधारकाने उपरोक्त आज्ञावलीचा तदनंतरचा वापर...’ मंडळी, मी संस्कृत शिकलोय, तरी मला घाम फुटला! एका अटीचा अर्थ मात्र तात्यांना लागला. यंत्र तुमचं, पण आतली अक्कल कंपनीची. तुम्हाला वापरायचा फक्त परवाना! तात्या चक्रावले. “कान माझा, पैसे मुलाचे, आणि ऐकायला परवानगी यांची?”

वैदेहीनं टीव्ही लावला. म्हटलं, बातम्यांत काही कळेल. एका वाहिनीवर लाल पट्टी — ‘तुमचं यंत्र तुमचंच ऐकतंय?’ अहो, प्रश्न तर आम्हालाच पडलाय, तुम्ही कशाला विचारता! दुसरीकडे — ‘सावधान! अपडेट नाही केलं तर बहिरे व्हाल!’ तात्या म्हणाले, “झालोय की!” दोन्हीकडे डोकं धरून बसलेल्या एकाच माणसाचा फोटो. त्यालाही कळलं नसणार!

इथवर हसलात. आता जरा पेटी थांबवा.

तात्यांची बायको इंदुकाकू. तिच्या गळ्यात गाठ. सोमवारी ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले होते, “गाठ निघेल. आवाज राहील का, ते सांगता येत नाही.” म्हणजे काय मंडळी? काकूचा आवाज ऐकायला रविवारपर्यंतचाच वेळ हातात — आणि नवरा समोर बसून अटी वाचतोय! ती बोलतेय, तिचे ओठ हलताहेत, याला काही ऐकू येत नाही. आता सांगा, हा सत्यवान की दगड? मला तर दोन्ही वाटतं!

रविवारी दुपारी काकूनं नातवाची पाटी घेतली. ओरडायची ताकद नव्हती, म्हणून लिहिलं — ‘लग्नात भटजींच्या मागून “नातिचरामि” म्हणालात. अर्थ ठाऊक होता?’ म्हणजे मंडळी, ‘तुला डावलून वागणार नाही’ हा शब्द!

तात्या खोटं कसं बोलणार? “नाही. भूक लागली होती.”

पुसून तिनं पुन्हा लिहिलं — ‘मग ते खोटं होतं?’

तात्यांचा चेहरा उतरला. मग म्हणाले, “म्हणालो तेव्हा कळलं नव्हतं, इंदू. पण खोटं नव्हतं गं.” डोळे भरून आले, आणि बटण दाबलं!

आधी कुकरची शिट्टी ऐकू आली. मग आवाज — “अहो, येतंय का ऐकू?”

त्या दिवशी काकू काय बोलली? काही नाही हो! फोडणीत हिंग कमी घाला, वैदेहीला रागावू नका, माझा शालू मोलकरणीच्या लेकीला द्या. तात्या नुसते ऐकत होते. अडवलं नाही की मध्ये बोलले नाहीत.

ऑपरेशन झालं. काकू वाचली. आवाज गेला, आता नुसती कुजबुज उरलीय. आणि परवा तात्या माझ्याकडे आले — “महाराज, पुन्हा अपडेट! पुन्हा नव्या अटी! दाबू का?” मी काय सांगू? कंपनी शब्द पाळेल का, मला माहीत नाही. न वाचता ‘मान्य’ म्हणणं पाप की नाही, अजून ठरत नाही. कागदावर लिहून दिलं, “तात्या, घरी कुजबुज चाललीय. दाबा आणि पळा!”

पण मंडळी, तुमचं काय? तुमचे कान तर देवानं दिलेले! परवाना नको, अपडेट नको. सकाळी निघताना घरात कोणी काहीतरी सांगत होतं. तुम्ही चपला घालता घालता ‘हो हो’ म्हणालात. कशाला ‘हो’ म्हणालात? — सांगा ना!

नाही ना आठवत? मग आज आरती थोडक्यात करू. लवकर घरी जा, आणि विचारा — “सकाळी काय म्हणत होतीस?”